आजोबांच्या फोटोचा कागद नेमका कशाचा? अंड्याच्या पांढऱ्यापासून ‘ब्रोमाइड’पर्यंतचा प्रवास

चाळीसगावचे केकी मूस, भुसावळला चिरनिद्रा घेत असलेले रॉबर्ट गिल आणि तुमच्या घरातल्या पेटीतला जुना अल्बम यांना जोडणारा धागा म्हणजे फोटोचा कागद. तो कसा बनला, खानदेशच्या उन्हात कसा टिकला आणि आता कसा जपायचा, ते सोप्या भाषेत.

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अधूनमधून एक फोटो येतो. खरं तर तो फोटोचा फोटो असतो. भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाइलने काढलेला, काचेत ट्यूबलाइट चमकणारा. खाली प्रश्न असतो, ‘मागच्या रांगेत डावीकडून दुसरे कोण?’ दोन काका दोन वेगवेगळी नावं सांगतात आणि चर्चा तिथेच थांबते.

या फोटोची निगेटिव्ह बहुतेक वेळा उरलेली नसते. ज्या स्टुडिओत तो काढला, त्या जागी आता मोबाइल रिचार्जचं किंवा कपड्यांचं दुकान असतं. म्हणजे त्या चेहऱ्याचा जगातला एकमेव पुरावा म्हणजे फ्रेममधला तो कागद. म्हणूनच तो कागद नेमका काय आहे, हे समजून घेणं गरजेचं आहे.

## फोटोचा कागद साध्या कागदापेक्षा वेगळा कसा?

वर्तमानपत्रात फोटो छापताना कागदावर शाई पडते. जुन्या फोटोत शाई नसतेच. तिथे जे काळं दिसतं, ती चांदी असते.

चांदी आपल्याला चकचकीत म्हणून माहीत आहे. पण तिचे अतिसूक्ष्म कण एकमेकांत गुंतून बसले की ते प्रकाश शोषून घेतात आणि डोळ्याला काळे दिसतात. कृष्णधवल फोटोतली काळी टोपी, काळे केस, नऊवारीचे गडद काठ, हे सगळं कागदावर बसलेल्या चांदीचंच काम.

ही चांदी तिथे पोहोचते ती क्षाराच्या रूपात. सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर ब्रोमाइड हे चांदीचे क्षार प्रकाश पडला की बदलतात. क्षारातली चांदी मोकळी होऊ लागते. जिथे प्रकाश जास्त, तिथे चांदी जास्त आणि म्हणून तिथे काळं. निगेटिव्हमधून प्रकाश सोडला की उलट्याचं सुलट होतं आणि कागदावर फोटो उमटतो.

## सुरुवात मिठाच्या पाण्यापासून

1839 च्या जानेवारीत फ्रान्समध्ये लुई दागेर यांच्या पद्धतीची घोषणा झाली. त्यांचा फोटो चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटायचा. एक फोटो म्हणजे एकच प्रत. त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी आपला प्रयोग जाहीर केला आणि तो कागदावरचा होता.

टॅलबट यांची कृती स्वयंपाकघरात शोभेल अशी होती. चांगला लिहिण्याचा कागद घ्यायचा, मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवायचा, मग त्यावर सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण फिरवायचं. मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट यांची क्रिया होऊन कागदातच सिल्व्हर क्लोराइड तयार होतं. हा कागद उन्हात धरला की काळा पडतो.

अडचण एकच होती. प्रकाशात नेलं की उरलेला क्षारही काळा पडायचा आणि चित्र बुडायचं. त्यावर उपाय सापडला तो जॉन हर्शेल यांच्या ‘हायपो’त. उरलेले क्षार हायपोच्या पाण्यात विरघळून निघून जातात, चांदी मागे राहते. पुढे फोटोग्राफरच्या तोंडी बसलेला ‘हायपो’ हा शब्द इतका जुना आहे.

1841 मध्ये टॅलबट यांनी कागदी निगेटिव्हच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढायची कल्पना इथे पक्की झाली.

## एका कारखान्यात वर्षाला 60 लाख अंडी

मिठाच्या कागदात एक उणीव होती. क्षार कागदाच्या आत मुरायचे, त्यामुळे चित्र थोडं पुसट आणि मळकट दिसायचं. चित्र कागदाच्या वरच राहावं, यासाठी मध्ये एखादा थर हवा होता.

1850 मध्ये लुई देझिरे ब्लांकार-एव्रार या फ्रेंच गृहस्थांनी तो थर सुचवला. तो होता अंड्यातल्या पांढऱ्याचा. फेटलेल्या पांढऱ्यात मीठ घालायचं, त्यावर कागद तरंगवायचा, वाळवायचा आणि नंतर सिल्व्हर नायट्रेटने प्रकाशसंवेदी करायचा. कागदाला हलकी चमक आली आणि बारीकसारीक तपशील दिसू लागले. यालाच अल्ब्युमेन प्रिंट म्हणतात. पुढची जवळपास 40 वर्षं जगभरचे बहुतेक फोटो याच कागदावर छापले गेले.

जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर या कागदाचं मोठं केंद्र बनलं. तिथल्या सर्वांत मोठ्या कारखान्याने 1888 मध्ये 18,674 रीम कागद तयार केला. 480 तावांच्या एका रीमला 27 डझन अंडी लागायची. हिशेब केला तर एका कारखान्यात एका वर्षात 60 लाखांहून जास्त अंडी फुटली.

खालचा कागदही साधा चालत नसे. त्यात लोखंडाचा बारीकसा कण असला तरी फोटोवर डाग पडायचा. चिंध्यांपासून बनवलेला इतका शुद्ध कागद प्रामुख्याने दोनच ठिकाणांहून यायचा, फ्रान्समधलं रीव्ह आणि आज बेल्जियममध्ये असलेलं माल्मेडी.

## खानदेशच्या सीमेवर कॅमेरा कधी आला?

मुंबईत 1854 मध्ये फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या भारतीय नावांपैकी एक.

खानदेशच्या दारात कॅमेरा आणणारं मोठं नाव मात्र मेजर रॉबर्ट गिल यांचं. मद्रास लष्करातल्या या अधिकाऱ्याकडे 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचं काम दिलं. वर्षानुवर्षं खपून त्यांनी मोठाली तैलचित्रं केली. त्यातली बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. 1866 च्या डिसेंबरमध्ये तिथे आग लागली आणि ती जळून गेली.

पण तोपर्यंत गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता. 1864 मध्ये लंडनमध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह गिल यांच्या फोटोंची दोन पुस्तकं निघाली. त्या काळी मजकुरासोबत फोटो छापण्याचं सोयीचं तंत्र नव्हतं. त्यामुळे पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत अल्ब्युमेन कागदावरचे खरे फोटो चिकटवले गेले. एकेकच असलेली तैलचित्रं राख झाली, आणि अनेक प्रती असलेले कागदावरचे फोटो उरले.

गिल यांचं 1879 मध्ये निधन झालं. त्यांची कबर भुसावळला आहे.

## ‘ब्रोमाइड’ म्हणजे काय?

अल्ब्युमेन कागद फार मंद होता. निगेटिव्ह आणि कागद एका चौकटीत एकमेकांना चिकटवून उन्हात ठेवायचे आणि चित्र पुरेसं गडद होईपर्यंत थांबायचं. ढग आले की काम थांबलं. शिवाय जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर कॅमेराही मोठा हवा.

ही अडचण दोन गोष्टींनी सोडवली. पहिली म्हणजे जिलेटिन. प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून मिळणारा हा चिकट पदार्थ चांदीच्या क्षारांना सारखं धरून ठेवतो. दुसरी म्हणजे ‘डेव्हलप’ करण्याची पद्धत. यात कागदावर प्रकाश फक्त काही सेकंद पडतो. डोळ्याला काहीच दिसत नाही, पण प्रत्येक स्फटिकात चांदीचे मोजके अणू सुटे झालेले असतात. ही सुप्त प्रतिमा. कागद डेव्हलपरमध्ये बुडवला की ते मोजके अणू बीजाचं काम करतात आणि अख्खा स्फटिक चांदीत बदलतो. प्रकाशाने केलेलं काम रसायन कित्येक कोटी पटींनी वाढवतं.

1893 च्या सुमारास अमेरिकेत लिओ बेकलँड यांनी ‘वेलॉक्स’ हा कागद आणला. तो गॅसच्या दिव्यावर छापता यायचा, ऊन लागत नसे. 1899 मध्ये कोडॅकचे जॉर्ज ईस्टमन यांनी हा व्यवसाय विकत घेतला. त्या पैशावर बेकलँड पुढच्या प्रयोगांकडे वळले आणि 1907 मध्ये त्यांनी बॅकेलाइट शोधलं. जुन्या घरांतली काळी स्विचबटणं आठवा, ती त्याचीच.

वेलॉक्समध्ये सिल्व्हर क्लोराइड होतं. सिल्व्हर ब्रोमाइडचा कागद त्याहून वेगवान, त्यामुळे एन्लार्जरखाली छोटी निगेटिव्ह मोठी करता येऊ लागली. त्याच क्षारावरून स्टुडिओत शब्द रुळला, ‘ब्रोमाइड’. हा कागद प्रामुख्याने निळ्या प्रकाशाला दाद देतो, लाल प्रकाश त्याला जवळपास दिसतच नाही. म्हणूनच डार्करूममध्ये लाल दिवा चालतो.

जिलेटिनबद्दल एक गंमत कोडॅकच्या प्रयोगशाळेत उलगडली. काही जिलेटिनचा कागद-फिल्म वेगवान निघे, काहीचा मंद. 1920 च्या दशकात सॅम्युएल शेपर्ड यांनी कारण शोधलं. गुरांनी मोहरीच्या जातीची झाडं खाल्लेली असली की त्यातल्या गंधकाच्या संयुगांचा अंश जिलेटिनमध्ये उतरतो आणि चांदीचे क्षार जास्त संवेदनशील होतात.

## 20 अंशांचं रसायन, 45 अंशांचा जिल्हा

डेव्हलपरचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस धरलं जातं. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास असतो. नळाचं पाणीच कोमट.

गरम पाण्यात दोन गोष्टी बिघडतात. डेव्हलपरची क्रिया वेगाने होते, त्यामुळे फोटो लवकर काळा पडतो. आणि जिलेटिन फुगून मऊ होतं, बोट लागलं तरी ओरखडा उठतो. फारच गरम झालं तर थर कागदावरून सुटायला लागतो. म्हणून उष्ण प्रदेशातल्या डार्करूमचे काही ठरलेले उपाय असत. काम रात्री किंवा पहाटे करायचं, ट्रेभोवती बर्फाचं पाणी ठेवायचं, आणि जिलेटिन घट्ट करण्यासाठी हायपोच्या द्रावणात पोटॅश अ‍ॅलम घालायचं. पोटॅश अ‍ॅलम म्हणजे आपली तुरटी.

शेवटचा टप्पा धुण्याचा. जाड ब्रोमाइड कागद हायपो शोषून घेतो. तो पूर्ण निघावा म्हणून कागद तासभर वाहत्या पाण्यात ठेवावा लागे. जिथे पाणी जपून वापरायचं, तिथे हे सोपं नव्हतं. आज एखाद्या जुन्या फोटोवर पिवळे-तपकिरी डाग दिसले, तर नीट न धुतलेला हायपो हे त्यामागचं एक नेहमीचं कारण असतं.

## चाळीसगावचं घर

या कागदाला कलेच्या उंचीवर नेणारा माणूस खानदेशातच होता. केकी मूस यांचा जन्म 1912 चा, मुंबईचा. इंग्लंडमध्ये कलेचं शिक्षण घेऊन ते चाळीसगावला परतले आणि पुढची सुमारे पाच दशकं रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरातच राहिले. घराबाहेर ते क्वचितच पडले. 31 डिसेंबर 1989 रोजी त्यांचं निधन झालं.

ते नावाजले गेले ‘टेबलटॉप’ फोटोग्राफीसाठी. टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, दिव्यांनी ऊन-सावली तयार करायची आणि फोटोत एखाद्या मोठ्या देखाव्याचा आभास उभा करायचा. अशा कामात अर्धी कला कॅमेऱ्यात असते आणि अर्धी छपाईत. आकाश किती गडद ठेवायचं, सावलीत किती तपशील दाखवायचा, हे एन्लार्जरखाली काही सेकंदांच्या फरकाने ठरतं. एन्लार्जरच्या प्रकाशात हात मध्ये धरून एखादा भाग उजळ ठेवायचा, दुसऱ्या भागाला जास्त प्रकाश द्यायचा. आज मोबाइलच्या एडिटरमध्ये बोटाने सरकवायच्या पट्ट्या त्याच कामाच्या आहेत.

मूस यांचं घर आता कलादालन म्हणून जपलं आहे. मोबाइलच्या पडद्यावर फोटो पाहण्याची सवय झालेल्या कोणीही कागदावरचा काळा रंग किती खोल असू शकतो, हे एकदा तिथे जाऊन पाहावं.

## कागद भारतात बनत होता का?

हो. बराच काळ स्टुडिओ कोडॅक, आग्फा, इल्फर्ड अशा परदेशी कंपन्यांच्या मालावर चालत. परकीय चलन वाचावं म्हणून केंद्र सरकारने 1960 मध्ये हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. थंड आणि धूळ कमी असलेल्या हवेमुळे जागा निवडली उटीची. 1967 पासून उत्पादन सुरू झालं आणि ‘इंदू’ या नावाने फिल्म आणि ब्रोमाइड कागद बाजारात आला. रंगीत फोटोची लाट आणि आयातीची खुली स्पर्धा यापुढे ही कंपनी टिकली नाही. 1990 च्या दशकात ती आजारी उद्योगांत गेली आणि पुढे बंद पडली.

जगातही तेच घडलं. 2005 मध्ये कोडॅकने कृष्णधवल कागद बनवणं थांबवलं. आज इंग्लंडमध्ये इल्फर्डच्या नावाने आणि चेक प्रजासत्ताकात फोमाच्या नावाने तो अजून बनतो, पण प्रामुख्याने हौशी आणि कलाकारांसाठी.

## मग आजचा लग्नाचा अल्बम कशावर?

इथे अनेकांचा समज चुकतो. फोटो डिजिटल असला तरी लॅबमध्ये निघणारी प्रिंट बऱ्याचदा शाईची नसते. मशीनमधला लेसर किंवा एलईडीचा प्रकाश चांदीचे क्षार असलेल्या रंगीत कागदावरच फोटो ‘लिहितो’ आणि तो कागद रसायनातून धुऊन निघतो. म्हणजे करिझ्मा अल्बमच्या पानामागेही टॅलबट यांचंच तत्त्व असू शकतं.

फरक एवढाच की रंगीत कागदात चांदी शेवटी काढून टाकली जाते. तिच्या जागी निळसर, किरमिजी आणि पिवळा असे तीन रंग राहतात. आणि रंग चांदीइतके टिकाऊ नसतात. 1970-80 च्या दशकांतल्या कागदांत निळसर रंग अंधारातही उडायचा, म्हणून तेव्हाचे रंगीत फोटो आज लालसर दिसतात.

याचा अर्थ सरळ आहे. आजी-आजोबांचा 1955 चा नीट धुतलेला कृष्णधवल फोटो, आई-वडिलांच्या 1982 च्या रंगीत फोटोपेक्षा जास्त टिकू शकतो. घाई रंगीत अल्बमची करायला हवी.

## घरातला फोटो कोणता, कसा ओळखाल?

- पातळ कागद, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, तपकिरी-जांभळट छटा, पांढरा भाग पिवळसर: बहुधा अल्ब्युमेन किंवा त्याच काळातला उन्हात छापलेला कागद. साधारण पहिल्या महायुद्धाआधीचा.
- जाड कागद, काळा-पांढरा, कडा किंचित वळलेल्या, गडद भागावर तिरकं पाहिलं तर चांदीसारखी चमक: ब्रोमाइड. ती चमक म्हणजे वर आलेली चांदी.
- कृष्णधवलच, पण एकसारखा तपकिरी आणि ठसठशीत: सेपिया टोनिंग केलेला. यात चांदीचं सिल्व्हर सल्फाइड केलेलं असतं, ते जास्त टिकाऊ.
- मागून गुळगुळीत, प्लास्टिकसारखा, सहज न फाटणारा: 1970 नंतरचा प्लास्टिकचा थर असलेला कागद. तो काही मिनिटांत धुऊन होतो, म्हणून लॅबवाल्यांनी पटकन स्वीकारला.

## काय करावं, काय टाळावं?

1. काचेला चिकटलेला फोटो ओढू नका. दमट हवेत जिलेटिन काचेला धरतं. ओढलं तर चेहरा काचेवर राहतो. आधी काचेसकट स्कॅन करा किंवा फोटो काढा.
2. लॅमिनेशन करू नका. ते नंतर काढता येत नाही आणि उष्णता व गोंद दोन्ही फोटोला मारक.
3. चिकट पानांचे अल्बम आणि साध्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळा. गोंद आणि पीव्हीसी दोन्ही काळानुसार फोटो खराब करतात. कोरा, चांगला कागद मध्ये घालून फोटो खोक्यात ठेवा.
4. पत्र्याखालचा माळा आणि ओलसर भिंत, दोन्ही जागा चुकीच्या. घरातलं आतलं, कोरडं, त्यातल्या त्यात थंड कपाट बरं. वाळवी अधूनमधून तपासा.
5. पाण्यात भिजले तर गठ्ठा तसाच वाळू देऊ नका. ओले असतानाच हलक्या हाताने सुटे करा आणि चेहरा वर ठेवून सावलीत वाळवा.
6. स्कॅन 600 डीपीआयला करा. मोबाइल वापरणार असाल तर फोटो फ्रेमबाहेर काढून, खिडकीच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून काढा.
7. मागे नाव लिहा. मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

हे सातवं काम सर्वांत तातडीचं. उडालेला रंग स्कॅनवर सुधारता येतो, फाटलेली कड जोडता येते. पण नाव सांगणारं माणूस गेलं की ते कोणत्याच सॉफ्टवेअरला सापडत नाही. श्रावणात कानबाईच्या निमित्ताने भाऊबंद एका घरी जमतात. त्या दिवशी रोट झाल्यावर जुना अल्बम बाहेर काढा, घरातल्या सर्वांत वयस्क आजीशेजारी बसा आणि पेन्सिल हातात ठेवा. मागच्या रांगेत डावीकडून दुसरे कोण, हे बहुतेक तिला माहीत असेल.